कोंडवाड्यातला दोनशे दहा फुटांचा माड

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. ‘जुना’ हा शब्द मी अभिमानानं वापरतो, कारण माझ्याइतकं जगलेला फळा मुंबईच्या उपनगरांत तरी दुसरा नसावा. तुमच्या वर्गातल्या फळ्याला विचारलंत तर तो दुकानाचं नाव सांगेल. मी समुद्राचं सांगतो. फळा होण्याआधी मी मढच्या एका मासेमारी होडीची उजवी कूस होतो. वीस वर्षं मी खारं पाणी कापलं. एकदा एका मुशीनं, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या शार्कनं, मला कडकडून चावा घेतला. तिचे दोन दात पडले आणि पुढे जन्मभर ती मऊ मासे खाऊन राहिली. माझ्या कडेला ती दोन भोकं अजून आहेत. सुतार म्हणतात, ती खिळ्यांची आहेत. सुतारांना सगळीकडे खिळेच दिसतात.

होडी म्हातारी झाली तेव्हा कॉस्मस नावाच्या सुतारानं तिच्या तीन सागवानी फळ्या निवडल्या, रंधा मारला, एकमेकींना घट्ट जोडल्या आणि त्यांचा मी झालो. काळा रंग आणायला दुकानात जाईल तो कॉस्मस कसला. त्यानं नारळाच्या करवंट्या जाळून कोळसा केला, तो वस्त्रगाळ कुटला आणि माशाच्या तेलात कालवून मला सात हात दिले. त्यामुळे माझ्यावर खडू असा उठायचा की खाडीपलीकडे वर्सोव्याहून वाचता यावा. एवढंच झालं, की गावातली मांजरं माझ्यासमोर येऊन बसू लागली. कॉलेजात सगळ्यांत चांगली हजेरी त्यांचीच होती.

हो, कॉलेजात. १९८३ साली मढला एक महाविद्यालय निघालं, त्याचा मी पहिला आणि बरीच वर्षं एकुलता एक फळा. नाव किनारा महाविद्यालय. विद्यार्थी तेवीस, शिक्षक चार, इमारत शून्य. प्राचार्य सहदेव सर शहरातल्या मोठ्या कॉलेजातली नोकरी सोडून आले होते. ते आणि त्यांचे तीन मित्र एका बंगल्यात वर्ग घेत. बंगल्याचा मालक परदेशी होता आणि त्याची अट एकच होती: सिनेमावाले चित्रीकरणाला आले की बंगला त्यांचा. मग चार मुलं मला खांद्यावर घेत आणि सगळं कॉलेज बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवाखाली जाऊन बसे. वर बोंबील, खाली अर्थशास्त्र. कधी कधी घाईत मला मागेच सोडून जात. अशा वेळी मी सिनेमात कामं केली. एकूण अकरा. एकदा तुरुंगाचं दार, एकदा खाणावळीची पाटी, आणि एकदा नायकाच्या बापाच्या तिरडीखाली आधार. त्या बापानं मेल्यावर डोळे उघडले होते, म्हणून तो प्रसंग सहा वेळा घ्यावा लागला. मी एकदाही हललो नाही.

या कॉलेजचं वेळापत्रक समुद्र ठरवायचा. निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरची. भरतीच्या पाण्यावर होड्या आत यायच्या, तेव्हा मुलं किनाऱ्यावर हवीत. म्हणून भरतीला सुट्टी आणि ओहोटीला वर्ग. रोज माझ्या डोक्यावर पहिली ओळ हीच असे: आजची तिथी गुणिले पाऊण. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. रोजची तिथी मुलं घरून घेऊन येत, आणि ती कधी चुकत नसे, कारण चुकली तर घरी जेवायला मासा नसे.

दुसरी पद्धत याहून विलक्षण होती. माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली होती. तिला कोंडवाडा म्हणत. गावात मोकाट गुरं धरून कोंडवाड्यात घालतात आणि मालकानं येऊन सोडवायची असतात, तसंच इथे चुकांचं. कुणाचं उत्तर चुकलं की ते पुसायचं नाही. चौकटीत लिहायचं, खाली मालकाचं नाव घालायचं आणि रात्रभर तिथेच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मालकानं उभं राहून सांगायचं, की ही चूक कुठल्या वाटेनं आली. वर्गाला पटलं की त्यानंच आपल्या हातानं पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सरांनीसुद्धा नाही. आणि सरांची चूकही तिथेच जायची. पहिल्या वर्षात तर तिथे सरांचाच मुक्काम जास्त होता.

आता नलिनीची ओळख करून देतो, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे.

नलिनी मालाडची. तिचे वडील गुणाजी मूळ मालवणकडचे, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे ते मढच्या त्याच बंगल्यावर रखवालदार झाले. घरच्या ओढाताणीत नलिनीचं एक वर्ष वाया गेलं होतं आणि दुसरं कुठलंही कॉलेज तिला घेईना. इथे तिला कुणी गुणपत्रिका मागितली नाही. सहदेव सरांनी एवढंच विचारलं, “तुला काय येत नाही?” ती म्हणाली, “गणित.” सर म्हणाले, “मग ये.”

पहिल्याच महिन्यात सरांनी सगळ्यांना अंगणातल्या माडाची उंची काढायला सांगितली. वर चढायचं नाही, सावलीवरून काढायची. काठीची सावली मोजा, माडाची मोजा, त्रैराशिक मांडा. नलिनीची पाळी आली. तिनं स्वच्छ अक्षरात माझ्यावर लिहिलं: काठी तीन फूट, तिची सावली एक फूट. माडाची सावली सत्तर फूट. म्हणून माड दोनशे दहा फूट.

मागच्या बाकावर हेन्री होता. कॉस्मसचा पुतण्या, होडी चालवायचा आणि त्याहून जास्त तोंड चालवायचा.

“नलिनी, वरून चर्चगेट दिसतं का गं?” तो म्हणाला.

“नारळ पडला तर खाली यायला किती दिवस लागतील?” शेजारची नॅन्सी म्हणाली.

वर्ग हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, या वर्गात सगळेच सगळ्यांना हसत. पण नलिनीला ते ठाऊक नव्हतं. सरांनी माड कोंडवाड्यात घातला, खाली तिचं नाव लिहिलं आणि म्हणाले, “उद्या सांग, कुठून आला ते.”

संध्याकाळी सगळे पांगल्यावर ती परत आली. इकडेतिकडे पाहिलं, पदराचं टोक ओलं केलं आणि माड पुसून टाकला. माझ्या अंगावर तो ओला पदर फिरला तेव्हा मला कळलं, की या हाताला फार घाई आहे. दुसऱ्या दिवशी नेमके सिनेमावाले आले, कॉलेज मांडवाखाली गेलं, मला हलवताना खडू पुसला गेला असं सगळ्यांना वाटलं. कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर नलिनीनं माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. वहीत लिही, तोंडी सांग, सगळं करायची. फळ्याजवळ यायची ती फक्त मला स्वच्छ करायला. ते काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं. मी तिचं गुपित सांभाळत राहिलो. मित्रांनो, मला तोंड नव्हतं म्हणून नव्हे, मला ती आवडायची म्हणून.

अशात १९८४ उजाडलं आणि विद्यापीठाचं पत्र आलं. मान्यतेसाठी समिती येऊन पाहणी करणार. समितीनं मान डोलावली तर ही मुलं पदवीच्या परीक्षेला बसणार, नाहीतर त्यांचं शिक्षण हे शिक्षणच नव्हे.

गुणाजींनी त्या दिवशी बंगल्याच्या फाटकापाशी लेकीला थांबवलं. मी पडवीत टेकून उभा होतो, मला सगळं ऐकू आलं.

“ह्यां बघ नले,” ते म्हणाले, “सरकारान मान्य केल्यान तर शीक. माझी ना नाय. पण तेंनी नाय म्हटल्यानी तर पुरे झाला. कांदिवलीक पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी तुझी जागा बोलान ठेवलंय.”

“बाबा, अजून दोन वर्षं राहिलीत फक्त.”

“कसली वर्सां? वर बोंबील, खाली पोरां, मधी मांजरां. ह्येका कोण कॉलेज म्हणतलो?”

 त्या दिवसापासून नलिनी मला दिवसातून दोनदा पुसू लागली.

समितीला कुठल्या वेळी बोलवायचं हे सहदेव सरांनी ठरवलं. वर्सोव्याहून होडीनं थेट कॉलेजच्या मागे उतरवायचं, म्हणजे पाहुण्यांना धुळीच्या रस्त्यानं हिसके खावे लागणार नाहीत. त्यासाठी भरती हवी. सरांनी कार्यालयातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. नेमलेल्या दिवशी चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. पत्रात लिहिलं: सकाळी दहा वाजता वर्सोव्याला होडीत बसावे, साडेदहाला भरतीच्या पाण्यावर कॉलेजात पोहोचाल.

गणित बिनचूक होतं. कॅलेंडर मात्र सिनेमावाल्यांचं होतं. त्यांच्या कथेतला काळ दहा वर्षांपूर्वीचा, म्हणून त्यांनी भिंतीवर दहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर टांगलं आणि जाताना विसरले. वारही जुळत नव्हता, पण सर वाराकडे बघतच नसत. त्यांच्या कॉलेजला रविवार कुठे होता.

पाहणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कॉस्मस माझी एक खुंटी ठोकायला आला. माझ्या डोक्यावर ‘उद्या साडेदहाला पाहुणे होडीनं येणार’ हे वाचून त्यानं हातोडा खाली ठेवला.

“मास्तर, उद्या साडेधाला पानी नाय. चिखल हाय.”

“काहीतरीच काय कॉस्मस. उद्या चतुर्दशी.”

“उद्या सष्ठी. चंद्र बगा ना वर. अर्धा बी नाय झाला.”

सरांनी चंद्र बघितला. मग आत जाऊन कॅलेंडर बघितलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा माझ्याइतकाच काळा झाला होता. पण सर ते सरच. आधी खडू उचलला आणि कोंडवाड्यात लिहिलं: चतुर्दशी. चौदा गुणिले पाऊण, साडेदहा. खाली नाव: सहदेव. मग म्हणाले, “मी उद्या पहाटे मालाडमार्गे थेट विद्यापीठात जातो आणि त्यांना रस्त्यानं घेऊन येतो. हेन्री, तू तरी होडी घेऊन वर्सोव्याला थांब. चुकून तिकडे आलेच, तर सांग, साडेचारपर्यंत होडी निघणार नाही. नलिनी, फळा तुझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेमावाले न सांगता आले. कॉलेज मांडवाखाली गेलं, आणि मीही. सर विद्यापीठाच्या दारात समितीची वाट बघत होते, आणि समिती आपापल्या घरून परस्पर वर्सोव्याला येऊन होडीत बसली होती.

अकरा वाजता खाडीच्या बाजूनं तीन माणसं आली. पुढे हेन्री, दोन्ही हातांत एकेक बूट. मागे समितीचे अध्यक्ष प्राध्यापक नंदकुमार बेहेरे, पाटलोण गुडघ्यापर्यंत वर, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांच्या मागे इतिहासाच्या उत्तराबाई सबनीस, साडीचा ओचा खोचलेला, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात एक खेकडा, कारण तो त्यांच्या पर्सला लटकून आला होता. मी अतिशयोक्ती करत नाही. करायची असती तर मी खेकडे तीन सांगितले असते.

“प्राचार्य कुठे आहेत?” बेहेरे सरांनी विचारलं.

“तुम्हाला आणायला गेलेत, सर,” नलिनी म्हणाली.

 बेहेरे सर मातीच्या मडक्यातल्या पाण्यानं पाय धुऊ लागले, आणि धुताधुता त्यांची नजर माझ्यावर गेली. मग कोंडवाड्यावर.

“हे काय आहे? चतुर्दशी, साडेदहा, सहदेव?”

नलिनीनं कोंडवाड्याची पद्धत सांगितली. त्यांनी पुन्हा वाचलं.

“म्हणजे आम्ही ज्यामुळे चिखलात बसलो, ती चूक तुमच्या प्राचार्यांना कालच ठाऊक होती. आणि त्यांनी ती इथे मांडून ठेवली आहे.”

“हो, सर.”

“आणि शिवाय ही चूकच नाही. चौदाची पाऊणपट साडेदहाच होते. मी गणित शिकवतो.”

हेन्रीला खोकला आला. नॅन्सीनं त्याच्या पायावर पाय दिला.

बेहेरे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ मुली. पाहणी म्हणजे पाहणी. विद्यापीठ विचारेल, फळा कसा होता, वर्ग कसा होता. प्राचार्यांची चूक त्यांच्याच नावानिशी फळ्यावर, हे मी अहवालात कसं लिहू? तू एवढं पूस. छान स्वागताचं वाक्य लिही. मी चिखलाबद्दल एक अक्षर लिहीत नाही, आणि बाकी काही अडचण येईल असं मला वाटत नाही.”

मांडवाच्या कडेला गुणाजी उभे होते. बंगल्याची किल्ली हातात, टोपी काखेत. ते दोन पावलं पुढे आले.

“पूस गो बाय,” ते हळू म्हणाले. “पूस आणि मोकळी हो. एका पुसण्यात तुझी दोन वर्सां सुटतली.”

नलिनीनं डस्टर उचललं. मित्रांनो, मी मुशीला घाबरलो नव्हतो, पण त्या क्षणी माझ्या तिन्ही फळ्या आवळल्या गेल्या. तिचा हात माझ्या उजव्या कोपऱ्यावर आला. डस्टर टेकलं. चतुर्दशीतला ‘शी’ निम्मा गेला. मला हा हात ओळखीचा होता. त्याला पुन्हा तीच घाई होती.

मग तो थांबला.

“नाही जमणार, सर,” ती म्हणाली. “मी एकदा पुसली होती.”

“काय पुसली होतीस?”

तिनं डस्टर खाली ठेवलं आणि खडू घेतला. सात महिन्यांत पहिल्यांदा. सरांच्या चुकीशेजारी तिनं एक उंच, उंच माड काढला आणि त्याखाली लिहिलं: काठीची सावली एक फूट. माडाची सत्तर. माड दोनशे दहा फूट. नलिनी.

“ही माझी चूक. सर्व जण हसले म्हणून मी ती संध्याकाळी येऊन पुसली. कुणाला सांगितलं नाही. पण पुसल्यावर ती गेली नाही, सर. मी रोज फळा पुसते आणि रोज मला तिथे हा माड दिसतो.” तिनं खडू काठीच्या आकड्यावर टेकवला. “काठीची सावली मी दुपारी बारा वाजता मोजली. मग नॅन्सीच्या घरून जेवण आलं. जेवून, थोडं लवंडून, माडाची सावली मोजली ती साडेचारला. त्रैराशिक बरोबर होतं. एक सावली दुपारची होती आणि एक संध्याकाळची. वेळ जुळत नव्हती.”

बेहेरे सरांनी चष्मा चढवून कोंडवाडा पुन्हा वाचला.

“सरांचंही तेच झालं,” नलिनी म्हणाली. आता ती समितीला सांगत नव्हती, ती शिकवत होती. “पाऊणपट बरोबरच आहे. पण चतुर्दशी दहा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरातली. समुद्र आजचा. आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला, म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी. हे मी सांगू शकते, पण पुसू शकत नाही. ते सरच पुसतील, उद्या. तुम्हाला मान्यता नाकारायची असेल तर नाकारा. फळा असाच राहील.”

 वरून एका बोंबलाचा थेंब बेहेरे सरांच्या टकलावर पडला. त्यांनी तो पुसलाही नाही.

उत्तराबाई खेकड्याला मडक्याआड सोडून पुढे आल्या. “बेहेरे,” त्या म्हणाल्या, “मी सव्वीस वर्षं पाहण्या करते आहे. विद्यार्थिनीनं प्राचार्यांची चूक त्यांच्या पाठीमागे इतक्या आदरानं समजावलेली मी पहिल्यांदाच ऐकली. पण एक शंका आहे. या कोंडवाड्यात एक जनावर कमी दिसतंय.”

“कुठलं?”

“आपलं. या हेन्रीनं वर्सोव्याला काय सांगितलं होतं आपल्याला?”

हेन्री बूट हातात घेऊन अजून तसाच उभा होता. “मी तीनदा सांगितलं, सर. पाणी नाही म्हणून. तुम्ही पत्र दाखवलंत. म्हणालात, इथे साडेदहा लिहिलंय, वल्हव.”

 बेहेरे सरांनी नलिनीपुढे हात केला. तिनं खडू दिला. ते वाकले आणि सुरेख, ठसठशीत अक्षरात त्यांनी कोंडवाड्यात लिहिलं: पत्रात साडेदहा लिहिले आहे, म्हणून समुद्राने ऐकले पाहिजे. खाली नाव: नं. बेहेरे.

लिहून झाल्यावर स्वतःवरच हसले आणि डस्टरकडे हात नेला.

“सर, उद्या,” नलिनी म्हणाली.

“उद्या मी नाही इथे.”

“मग याल तेव्हा. पण चुकीला एक रात्र तरी काढावी लागते.”

त्यांनी हात मागे घेतला आणि हेन्रीकडून बूट घेतले. मालाडच्या बसनं गेले. संध्याकाळी सहदेव सर दमून परतले. सगळं ऐकलं, माड पाहिला आणि नलिनीला एवढंच म्हणाले, “चांगला उंच काढलास.” गुणाजी मात्र किल्ली फिरवत फाटकाशी बसून राहिले. लेक बाहेर पडली तसे उठले.

“दोनशे दहा फुटांचो माड,” ते म्हणाले. “माका कधी सांगलंस नाय गो तां.”

“तुम्ही हसला असतात.”

“हसलंय असतंय. मगे माझीव एक सांगलंय असतंय.” आणि बसच्या थांब्यापर्यंत त्यांनी लेकीला गिरणीतली आपली एक चूक सांगितली, जिच्यामुळे चाळीस वार धोतराला मधोमध लाल काठ आला होता. मी ती ऐकली नाही. पण नलिनी वाटेत हसत होती हे हेन्रीनं पाहिलं.

तीन आठवडे माझा कोपरा भरलेला राहिला. सरांनी आपली चूक दुसऱ्याच दिवशी उभं राहून सांगितली आणि पुसली. बेहेऱ्यांची तशीच. मुलं तिच्याभोवती जागा सोडून लिहीत. गुणाजी रोज विचारायचे, “तो बेहेरो इलो काय?”

आणि एका सकाळी, वद्य एकादशी होती, अकराची पाऊणपट सव्वाआठ, बरोबर सव्वाआठला भरलेल्या पाण्यावरून एक होडी थेट कॉलेजच्या मागे लागली. बेहेरे सर कोरड्या बुटांनी उतरले. काखेत कागदांची गुंडाळी होती, पण त्यांनी ती बाकावर ठेवली. भरतीची वेळ, म्हणजे मुलं किनाऱ्यावर. ती येईपर्यंत ते तिथे बसून राहिले. सगळे जमल्यावर माझ्यासमोर उभे राहिले.

“ही चूक अशी आली,” ते म्हणाले. “मला आयुष्यभर कागदावरचं खरं मानायची सवय आहे. होडीवाला बोलत होता आणि मी पत्र वाचत होतो. आजची वेळ मी कागदावरून नाही, चंद्रावरून काढली. पटलं का वर्गाला?”

“पटलं, सर,” हेन्री म्हणाला. “पण पाटलोण वर केलेली जास्त शोभत होती.”

त्यांनी आपल्या हातानं ती ओळ पुसली. मग गुंडाळी उलगडून नलिनीच्या हातात दिली. त्यात मान्यता होती. गुणाजींनी तो कागद उलटा धरून दोनदा बघितला आणि कांदिवलीच्या कारखान्याला त्याच दिवशी नकार कळवला.

नलिनीचा माड पुसायचा राहिलाच होता. तिनं तो सगळ्यांसमोर समजावला होता, पुसायचा हक्क तिला होता. ती डस्टर घेऊन आली तेव्हा कॉस्मस आडवा आला. त्यानं पटाशी काढली आणि त्या माडाच्या रेघेवरून मला कोरलं. दुखलं थोडं. पण मुशीपुढे ते काय.

“आता पूस बगू,” कॉस्मस म्हणाला.

शहाऐंशी साली ती पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे कॉलेज मालाडला पक्क्या इमारतीत गेलं आणि तिथे काचेचे हिरवे फळे लागले. मला कुणी नेलं नाही. काही वर्षं मी बकऱ्यांच्या गोठ्याचं छप्पर होतो. एका पावसाळ्यात माझी मधली फळी फुगली, एका उन्हाळ्यात ती तडकली. बकऱ्यांना गणितात रस नव्हता. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी थोडा खचलो होतो. पण माझं मन सांगत होतं, की ज्याच्या अंगावर दोनशे दहा फुटांचा माड आहे तो फार दिवस लपून राहत नाही.

आणि तसंच झालं. एक दिवस केस पांढरे झालेल्या एक बाई गोठ्यापाशी आल्या, वर बघितलं आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. त्या हाताला आता घाई नव्हती. मालाडला त्यांची स्वतःची शाळा आहे. हेन्रीनं मला त्याच्या होडीतून, म्हणजे इतक्या वर्षांनी पुन्हा समुद्रावरून, नेऊन घातलं. मी पडवीत उभा आहे. करवंटीच्या कोळशाचे नवे सात हात मिळाले आहेत, मांजरंही आली आहेत. नवी मुलं विचारतात, बाई, हा माड इतका उंच का? बाई सांगतात, “मी मध्येच जेवायला बसले होते.” मग कुणीतरी आपली चूक घेऊन कोंडवाड्याशी येतं.

मित्रांनो, फळा ओल्या फडक्यानं पुसू नका, तो फुगतो. पावसात बाहेर ठेवू नका, तो तडकतो. आणि चूक झाली तर ती पुसायची घाई करू नका. तिला एक रात्र राहू द्या, कुठल्या वाटेनं आली ते विचारा, मग आपल्या हातानं निरोप द्या. दुसऱ्याची चूक मात्र दुसऱ्यालाच पुसू द्या.

आणि माझ्या मुशीच्या गोष्टीवर तुमच्यापैकी कुणाचा विश्वास बसला नसेल, तर खुशाल ती कोंडवाड्यात घाला. खाली माझं नाव लिहा. नियम ठाऊक आहे ना? जो मालक, त्यानंच येऊन पुसायची. मला हात नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.